मुंबई मंडळांनो, यंदा शाळेला संगणक देण्याआधी थोडं ऐका

प्रति,
कोकणातल्या गावोगावच्या मुंबई मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सभासद यांस,

स. न. वि. वि.

शिमगा आटोपला. पालख्या देवळात बसल्या आणि तुम्ही परत लालबाग-परळ, विक्रोळी, नालासोपारा, दिवा गाठलंत. आता मे महिन्यात याल तेव्हा बसच्या डिकीत सामानाबरोबर काही खोकी असतील आणि त्यांत शाळेसाठी संगणक असतील. हे मला ठाऊक आहे, कारण गेल्या काही महिन्यांत तीन मंडळांच्या सेक्रेटरींनी फोन करून मला एकच प्रश्न विचारलाय, "हापिसातून दहा मशिनं फुकट मिळतायत, शाळेला चालतील ना?"

तिघांनाही मी "बघू" म्हटलं. त्या "बघू"मध्ये काय काय होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

राजापूर तालुक्याच्या खाडीपट्ट्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. नाटे-जैतापूरपासून वरच्या सड्यावरच्या वाड्यांपर्यंत शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, जिथे कुठे मशीन बंद पडतं तिथून मला फोन येतो. म्हणजे यात माझा धंदा आहे. पुढचं वाचताना तेवढी वजावट करून वाचा.

गेल्या श्रावणात एक बाई एसटीतून मांडीवर सीपीयू घेऊन दुकानात आल्या. वर प्लॅस्टिकची गोणी, खाली ओली साडी. त्यांची शाळा द्विशिक्षकी. सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरायची मुदत दोन दिवसांवर आलेली आणि मशिनवर पोर्टल उघडायलाच तयार नाही. मोबाइलवर तेच नेट वापरलं तर उघडतं, मशिनवर मात्र "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" असा इशारा येतो. बाईंनी मुंबईतल्या कुणा जाणकाराला फोन केला होता. त्याने सांगितलं, व्हायरस असेल, विंडोज मारून घ्या, म्हणजे सगळं पुसून नव्याने टाका. कुणीतरी आलं, विंडोज मारलं. चार वर्षांची निकालपत्रकं त्यात गेली. पोर्टल तरीही उघडेना.

मी मशीन सुरू केलं आणि उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. तारीख होती १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना मशिनचं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो उतरला की प्रत्येक वेळी मशीन आपल्या जन्मसालाकडे परत जातं. सुरक्षित संकेतस्थळ ब्राउझरला आपलं ओळखपत्र दाखवतं आणि त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध" असं असतं. २००९ सालात बसलेल्या मशिनला हे ओळखपत्र पुढच्या काळातलं, म्हणजे खोटं वाटतं. ते दार लावून घेतं. सेल चाळीस रुपयांचा. बाईंची एक किरकोळ रजा, एसटीचं भाडं आणि ती निकालपत्रकं यांची किंमत मला लावता आली नाही.

त्या सीपीयूच्या पाठीवर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, "सौजन्य : ग्रामविकास मंडळ, मुंबई". कुठल्या गावचं ते सांगत नाही. असं नाव घातलेली निदान तीस मशिनं माझ्या टेबलावरून गेली आहेत, त्यामुळे ज्याने त्याने आपलंच समजावं.

यंदा तुमच्याकडे मशिनं जास्त येतायत त्याला कारण आहे. विंडोज १०ला मिळणारे फुकटचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. घरगुती मशिनांना एक वर्षाची वाढीव मुदत आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. विंडोज ११ टाकायचं तर मशिनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७च्या पुढचा हवा. त्याच्या आधीची लाखमोलाची मशिनं मुंबईच्या हापिसांच्या दृष्टीने एका दिवसात म्हातारी झाली. म्हातारी झाली म्हणजे मेली नाहीत. इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय थ्री प्रोसेसरचं मशीन शाळेला अजून पाच वर्षं सुखाने चालेल. पण ते आहे तसं उचलून गावी आणलं तर चालणार नाही, आणि इथेच आपलं चुकतं.

आधी हवेचं सांगतो. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घराचे खिळे, गेटची बिजागरं, गाडीचा सायलेन्सर यांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मशिनच्या पोटातही तेच होतं. रॅम ही मशिनची तात्पुरती स्मृती; तिच्या पट्टीवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, त्यावर खारट ओलाव्याचा थर धरतो आणि संपर्क तुटतो. पंखा फिरतो, लाइट लागते, पडद्यावर काही नाही. गुरुजी फोनवर म्हणतात, "डिस्प्ले गेला." बहुतेक वेळा डिस्प्ले गेलेला नसतो. रॅम काढायची, पट्टी पुसायची, परत बसवायची. आम्ही सगळे खोडरबराने पुसतो, पण फार घासलं तर मुलामाच उडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश हे खरं औषध. कुंभारीण यूएसबीच्या भोकात मातीचं घर बांधते, ते काढायला बारीक टाचणी लागते. पाल उबेला पॉवर सप्लायमध्ये शिरते आणि स्वतःसकट फ्यूज घेऊन जाते. हसू नका, पावसाळ्यात महिन्याला एक तरी पाल काढतो मी.

मशिनला पावसापेक्षाही सुट्टी जास्त बाधते. मे महिन्यात शाळा बंद, जूनच्या मध्यावर उघडते, तोवर पहिले पाऊस होऊन गेलेले असतात. दीड महिना बंद खोलीत मशीन ओलं होत बसतं. वर कुणीतरी काळजीने प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं असतं, त्याने आतला दमटपणा आतच राहतो. सुती कापड घाला. आणि आठवड्यातून एकदा तासभर मशीन नुसतं चालू ठेवा. त्याची स्वतःची ऊब त्याला वाळवते. मे महिन्यात गावी आलेल्या कुणीही हे करावं, शाळेची चावी शेजारच्या घरात असते.

विजेचं प्रकरण मोठं आहे. आमच्याकडची मुलं म्हणतात, "कॉम्प्युटर चावतो." खरंच चावतो. पॉवर सप्लायच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते गाळलेलं अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग जोडलेलंच नसेल तर ते मशिनच्या पत्र्यावर येऊन बसतं आणि ओल्या पायाने हात लावणाऱ्या पोराला झिणझिण्या येतात. सड्यावरच्या शाळेत अर्थिंगचा खड्डा नावालाच असतो. खाली जांभा. उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडला की वीज जिरवायचं नावच घेत नाही. कोळसा-मीठ घालून खड्डा नीट करायचा, उन्हाळ्यात त्यात रोज कळशीभर पाणी ओतायचं, एवढं साधं काम असतं आणि कुणाच्याच कामाच्या यादीत ते नसतं. अर्थिंग नाही तर तुम्ही प्रेमाने दिलेला स्पाइक गार्डही अर्धाच कामाचा.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. खांब पडले, तारा तुटल्या, मग वीज परत आली. ती येताना काही ठिकाणी न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटलेलीच होती. न्यूट्रल तुटली की घरातला दोनशे तीसचा दाब चारशेकडे जाऊ शकतो. त्या आठवड्यात माझ्या दुकानात जळलेल्या पॉवर सप्लायचा ढीग लागला. एका शाळेतली पाचही मशिनं एकाच दुपारी गेली, कारण सगळी बटणं चालू राहिली होती. तेव्हापासून मी प्रत्येक शाळेत एकच मंत्र देतो, घरी जाताना प्लग भिंतीतून उपटायचा आणि इंटरनेटची तारही उपटायची. वीज कडाडते तेव्हा ती फक्त विजेच्याच तारेतून येते असं नाही.

आता मशिनच्या आत काय आहे त्याकडे. तुमच्या दहांतल्या आठ मशिनांत परवाना नसलेलं विंडोज असतं, मुदत संपलेला अँटिव्हायरस असतो आणि ज्या हापिसातून मशीन आलं त्याच्या फायली असतात. एकदा मला एका कंपनीच्या माणसांची पगारपत्रकं मिळाली, आधार कार्डाच्या छायाप्रतींसकट. चौथीतल्या पोरांनी ते फोल्डर उघडून पाहिलं होतं. मशीन घेताना हापिसाला सांगा, डिस्क पूर्ण पुसून द्या. नुसतं रिसायकल बिन रिकामं करणं म्हणजे पुसणं नव्हे.

अशा मशिनवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मशीन चालवणारी दुसरी प्रणाली टाकतो, एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. मिंट २२ला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, पैसे लागत नाहीत, आणि पेनड्राइव्हवरून झेरॉक्सच्या दुकानातून येणारा शॉर्टकट व्हायरसचा रोग त्याला लागत नाही. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली की सात मिनिटांनी सुरू होणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहतं. चार जीबी रॅम पुरते. मुलांसाठी पाहुणा खातं उघडून देतो; त्यांनी काहीही उलटंपालटं केलं तरी लॉगआउट झाल्यावर सगळं नाहीसं होतं. चित्रं काढायला टक्स पेंट, खेळत शिकायला जीकॉम्प्रिस, प्रोग्रॅमिंगला स्क्रॅच असतंच. नेट जिथे झाडाखाली उभं राहूनच मिळतं तिथे कोलिब्री बसवतो, धडे आणि व्हिडिओ एकदा भरून ठेवले की नेटशिवाय चालतात. शेवटी क्लोनझिलाने अख्ख्या मशिनची प्रत काढून एका डिस्कवर ठेवतो. पुढच्या वेळी बिघडलं तर वीस मिनिटांत होतं तसं.

शिक्षक मात्र लिनक्सला घाबरतात, आणि त्यांचं सगळंच चुकतं असं नाही. एका नावाजलेल्या कंपनीचा छोटा लेझर प्रिंटर निम्म्या शाळांत आहे आणि लिनक्सशी त्याचं काही केल्या जमत नाही. दोन रात्री मी त्यात घालवल्यात. दुसरं दुखणं अक्षरांचं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं आणि तक्ते तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. गुरुजींना वाटतं फाइल बिघडली. फाइल धड असते. त्या फॉन्टांत "क"ची आकृती इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेली असते, एवढंच. म्हणून जुन्या मशिनमधले फॉन्ट मी आधी उचलून ठेवतो आणि मग पुढे जातो. नवं टाइपिंग मात्र युनिकोडमध्येच करायचं. विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्हीकडे इनस्क्रिप्ट नावाचा मराठी टायपिंगचा तोच कळफलक आहे. एकदा हात बसला की मशीन बदललं तरी अडत नाही.

हे सगळं शाळेने स्वतः का करू नये, असं एका सेक्रेटरींनी विचारलं. ज्या शाळेचा पट तीसपर्यंत आहे तिला समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून संयुक्त अनुदान मिळतं वर्षाला १०,००० रुपये. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात खडू, कागद, किरकोळ डागडुजी, कधी विजेचं बिल. आपल्या वाड्यांवरच्या शाळांचा पट तीसच्या आत का आला ते तुम्हाला मी सांगावं असं नाही. तुमची मुलं तिकडे शिकतायत. अशा शाळेत यूपीएसची बॅटरी गेली की ती हजार रुपयांची बॅटरी म्हणजे अनुदानाचा दहावा हिस्सा.

आणि बंद पडलेलं मशीन टाकूनही देता येत नाही. देणगीत आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. एकदा चढली की निर्लेखनाचा, म्हणजे निकामी म्हणून नोंदीतून काढायचा, प्रस्ताव, मंजुरी, पुन्हा प्रस्ताव. तोवर ती कपाटात. मी एका शाळेत पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांमागे सहा सीपीयू पाहिलेत, तीन वेगवेगळ्या मंडळांच्या सौजन्याने. मुख्याध्यापक म्हणाले, "दरवर्षी मोजून दाखवावे लागतात हो."

नमनाचा प्रयोग लावून, तिकिटं खपवून, वर्गणी काढून तुम्ही पैसा उभा करता हे मी लहानपणापासून पाहतोय. माझ्या शाळेची कौलं आमच्याच मंडळाने बसवली होती. कौलाला देखभाल कमी लागते. दरवर्षी पावसाआधी एक माणूस चढला, फुटकी बदलली, झालं. मशिनलाही तसा दरवर्षी चढणारा माणूस लागतो, आणि त्याची मजुरी कुणी धरतच नाही.

केरळचं उदाहरण देतो. आपल्यासारखाच समुद्र, आपल्यासारखाच पाऊस, आणि जांभासुद्धा तोच. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं, तेही मलबारातल्या अंगाडीपुरमचा दगड पाहून. तिथे २००१ साली आयटी अ‍ॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला, २०१७मध्ये त्याची काइट नावाची सरकारी कंपनी झाली. शाळांसाठी त्यांनी स्वतःचं लिनक्स तयार केलं. २०१८पासून लिटिल काइट्स नावाचे मुलांचे गट आहेत, त्यांत मुलं हार्डवेअरची देखभालसुद्धा शिकतात. आपल्या सरकारने हे करावं की नाही यावर मी वेगळं पत्र लिहीन, ते दुसऱ्या पत्त्यावर जाईल. तुम्हाला सांगायचं एवढंच की तिथे मशिनच्या जोडीला माणूस दिला गेला.

तेव्हा दहाऐवजी तीन मशिनं द्या. तिन्हींत एसएसडी घालून द्या. उरलेल्या सात मशिनांसाठी गाडीभाडं, हमाली, उद्घाटनाचा मंडप आणि शाली यांवर जे जातं त्यातून वर्षाचा देखभालीचा खर्च बाजूला काढा. माझ्या दुकानाच्या हिशेबाने तीन मशिनांच्या शाळेला वर्षाला सहा-सात हजार पुरतात. त्यात दोन फेऱ्या येतात, एक मे महिन्याच्या अखेरीस आणि एक गणपतीनंतर. शिवाय सेल, माउस-कीबोर्ड आणि दोन-तीन वर्षांनी लागणारी यूपीएसची बॅटरी धरलेली आहे. हे पैसे मला द्या असं म्हणत नाही. खरं तर देऊच नका. आयटीआयमधून कोपा हा संगणकाचा अभ्यासक्रम केलेली, एमएस-सीआयटी झालेली मुलं-मुली प्रत्येक गावात एक-दोन तरी घरी बसलेली आहेत. त्यांतल्या एकीला नेमा, महिन्याला काही मानधन ठरवा. रॅम पुसणं, सेल बदलणं, क्लोनझिलाची प्रत परत चढवणं, एवढं मी माझ्या दुकानात बसवून आठ दिवसांत शिकवतो, फुकट. तिला जमणार नाही ते काम माझ्याकडे येईलच. मी उपाशी राहणार नाही.

तुमच्यातली अर्धी पोरं मुंबई-पुण्यात आयटीत आहेत. त्यांनी शाळेसाठी महिन्यातून एक तास ठेवावा. फोनवरून "काय झालंय?" विचारू नये, पडद्याचा फोटो मागवावा. "काहीतरी इंग्रजीत आलंय" यावरून निदान होत नाही. आणि "विंडोज मारून घ्या" हे वाक्य कोपऱ्यातली तारीख पाहिल्याशिवाय तोंडातून काढू नये, ही त्या बाईंच्या वतीने विनंती.

शेवटचं मागणं थोडं विचित्र वाटेल. मे अखेरीस परतताना तुमच्या बसची डिकी आंबे, फणस, कोकमाच्या सोलांनी भरलेली असते. त्यात मेलेल्या मशिनांसाठी कोपरा ठेवा. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. मुंबईत ते तुम्हाला सोपं आहे. इथे तो पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकला जातो किंवा तांब्यासाठी जाळला जातो. निर्लेखनाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांबरोबर बसून मी लिहून देईन, नमुना तयार आहे. पुढच्या वेळी देणगीपत्रातच लिहा की मशीन निकामी झालं तर मंडळ ते परत नेईल. रजिस्टरात चढवतानाच तो कागद सोबत लागला तर कपाटं मोकळी राहतील.

ऑइलपेंटने नाव घालायला माझी हरकत नाही. फक्त नावाखाली सेक्रेटरींचा फोन नंबर घाला.

आपला,
खाडीपट्ट्यातला एक संगणक दुरुस्तीवाला

ता. क. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुणी जाणार असेल तर सीआर २०३२ची पानं घेऊन या, एका पानावर पाच सेल असतात. तिथे घाऊक भावात इथल्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. वीस पानं आणलीत तर पावसाच्या आत मी सगळ्या शाळा फिरून येतो. बदलायची मजुरी नको, चहा चालेल.